आटोपशीर बंदूक

परप्रांती बदलून आलेल्या मराठी नोकरवर्गाचे छंद हा खरे पाहता कोणाच्या टीकेचा विषय होऊ नये. घरापासून दोन-अडीच हजार किलोमीटरवर, वर्षातले निम्मे महिने आभाळ फाटलेले असते अशा ठिकाणी, ओल आलेल्या सरकारी क्वार्टरमध्ये माणसाने रविवार कसा काढावा, हे त्याचे त्यालाच ठरवू द्यावे. कोणी पेटी वाजवतो, कोणी ब्रिज खेळतो, कोणी गणेशोत्सवातील नाटकाची तालीम जूनपासूनच आरंभतो. प्रस्तुत लेखकही याच मेळ्यातला. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे, ते कोणाच्या विरंगुळ्यावर विरजण घालण्याच्या हौसेने नव्हे. परंतु आपल्या मंडळींत एक नवा छंद शिरू पाहत आहे आणि त्याविषयी कोणी स्पष्ट बोलताना दिसत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. हा छंद छऱ्याच्या बंदुकीचा. आणि नेमके सांगायचे तर, त्या बंदुकीने पाखरे मारण्याचा.

मी इटानगर येथे केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहे. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी एका वरिष्ठ मराठी स्नेह्यांनी चहाला बोलावले. नवी बंदूक आली आहे, पाहायला या, असा निरोप होता. पेटी उघडली तेव्हा मी थक्क झालो, हे प्रथमच कबूल करतो. लहानपणी जत्रेत फुगे फोडण्यासाठी जी बंदूक हाती धरली होती, तिच्यात आणि हिच्यात नाव तेवढे समान. जत्रेतली बंदूक मधून मोडायची, जोर लावून स्प्रिंग दाबायची, एक छरा घालायचा. आणि चाप ओढला की तिच्या हिसक्याने नेम फुगा सोडून मागच्या गोणपाटावर जायचा. हिच्यात स्प्रिंगच नाही. नळीखालच्या नळकांड्यात हवा आधीच कोंडून ठेवलेली असते. तिचा दाब सुमारे दोनशे बार, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या ऐंशीएक पट. चाप ओढताच झडप क्षणभर उघडते, मोजकी हवा सुटते आणि छरा बाहेर पडतो. हिसका जवळजवळ नाही. आवाज म्हणाल, तर एखादी जाड फाईल टेबलावर टाकावी एवढा.

तिची खरी अपूर्वाई आकारात आहे. छऱ्यांचे मॅगझिन आणि सारी यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्याच्या पोटात बसवलेली. त्यामुळे नळी पुरेशी लांब ठेवूनही सबंध बंदूक अडीच फुटांच्या आत मावते. प्रवासाच्या पिशवीत जाते, जीपमध्ये अडत नाही, झाडीत फांद्यांना लागत नाही. अंगणाच्या टोकाला ठेवलेल्या दुधाच्या रिकाम्या डब्यावर मीही पाच छरे उडवले. चार लागले, आणि मला शाळकरी पोरासारखा आनंद झाला. दोष काढायचेच तर दोन. हातपंपाने हवा भरता भरता मध्यमवयीन माणसाचा ऊर फुटतो. आणि चाप मागच्या यंत्रणेशी लांब दांडीने जोडलेला असल्यामुळे तो ओढताना किंचित मऊ लागतो, नेमका केव्हा सुटणार ते बोटाला कळत नाही. एरवी वस्तू म्हणून ती उत्तम आहे. तेव्हा माझे भांडण बंदुकीशी नाही. ते पेटीवरच्या एका शब्दाशी आहे. बंदुकीच्या चित्राशेजारी मोठ्या इंग्रजी अक्षरांत, ती 'शिकारीसाठी आटोपशीर' आहे, अशा अर्थाचा मजकूर छापलेला होता.

चहा झाला. क्वार्टरच्या मागे बांबूचे बेट आहे. त्याच्या शेंड्यावर एक होला येऊन बसला. साहेबांनी दुर्बिणीतून पाहिले आणि चाप ओढला. होला सरळ खाली पडला नाही. कलंडला, फडफडत खाली आला आणि बेटात शिरला. आम्ही दोघांनी पाव तास शोधले. पिसे मिळाली, पाखरू मिळाले नाही. शेजारच्या घरातला दहा-अकरा वर्षांचा मुलगा कुंपणाशी उभा राहून हे सारे पाहत होता. तो न्यिशी समाजातला. त्याने हिंदीत विचारले, ''अंकल, हमारे घर का तो जमा करा लिया. आपका जमा नहीं होता क्या?'' साहेब हसले आणि म्हणाले, ''अरे, ये दूसरा वाला है.'' मीही हसलो. वरिष्ठांच्या अंगणात, वरिष्ठांचा चहा पिऊन, दुसरे काय करणार? पण त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही, आणि हा लेख तिनेच लिहवून घेतला आहे.

त्या मुलाच्या प्रश्नाचा संदर्भ दूरच्या वाचकांना सांगितला पाहिजे. अरुणाचल प्रदेशात शिकार ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे आणि छऱ्याची बंदूक येथे घरोघर पोचलेली होती. २०२१ च्या मार्चमध्ये राज्याच्या वन व पर्यावरण खात्याने 'एअरगन सरेंडर अभियान' सुरू केले. लोकांनी आपापल्या छऱ्याच्या बंदुका स्वेच्छेने आणून द्याव्यात आणि पाखरे मारणे सोडावे, असे त्याचे स्वरूप. पूर्व कामेंग जिल्ह्यातील लुमडुंग गावी आरंभाच्या दिवशीच ४६ बंदुका जमा झाल्या. पुढे गावोगावी सभा भरल्या आणि जमा झालेल्या बंदुकांची संख्या हजारांत गेली. ज्यांच्या आजा-पणजांनी रानावर पोट भरले, ज्यांच्या मुलांचे पहिले खेळणेच ही बंदूक होते, त्यांनी ती उचलून सरकारच्या स्वाधीन केली. आणि त्याच सरकारच्या नावाने पगार घेणारे आम्ही, पुण्या-नागपूरहून येऊन, त्यांच्याच कुंपणापलीकडे नवी, अधिक आटोपशीर बंदूक विकत घेऊन बसलो. मुलाने राज्य सरकार आणि केंद्र सरकार यांतला भेद केला नाही. तो करण्याचे त्याला कारणही नव्हते.

या विषयावर मंडळींत बोलणे काढले की काही ठरावीक उत्तरे मिळतात. त्यांचा एकेक करून समाचार घेतो.

पहिले उत्तर कायद्याचे. ''या बंदुकीला परवाना लागत नाही. मग हरकत कसली?'' हे उत्तर आपल्यासारख्या, दिवसभर नियमांची पुस्तके चाळणाऱ्या माणसांच्या तोंडी विशेष खेदकारक वाटते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या बंदुकीच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरच्या आणि शक्ती २० ज्यूलच्या मर्यादेत आहे, ती बाळगायला परवाना लागत नाही, हे खरे. पण ही सवलत बाळगण्याची आहे, मारण्याची नव्हे. कोयत्याला तरी कोठे परवाना लागतो? म्हणून कोयत्याने काहीही तोडण्याची मोकळीक मिळत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम अनुसूचींत घातलेल्या वन्य प्राण्यांची शिकार सरसकट मना करतो. आणि 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत केवळ ठार मारणे येत नाही, तर पकडणे, जखमी करणे, अंडी-घरटी नासणे, एवढेच काय, तसा प्रयत्न करणेसुद्धा येते. छरा हुकला तरी गुन्हा हुकत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशी आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राणी असेल, तर कैद किमान तीन वर्षांची आहे. रानातले जवळजवळ सारे पक्षी या संरक्षणात येतात, आणि ससाही येतो. पिकांचा नाश होत असेल, तर त्याला परवानगीची वेगळी वाट त्याच कायद्यात घालून दिलेली आहे. ती लेखी परवानगी वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याने द्यावयाची असते; रविवारी चहा घेता घेता ज्याने-त्याने स्वतःला द्यावयाची नसते.

मग पेटीवर शिकारीचा शब्द का? कारण तो शब्द दुसऱ्या मुलखातला आहे. ब्रिटनमध्ये शेतकऱ्याच्या जमिनीवर, त्याच्या संमतीने, ससे आणि पारवे अशा बंदुकीने मारण्याची कायदेशीर रीत आहे. तेथे सर्वसाधारण बंदुकीसाठी बारा फूट-पौंडांची मर्यादा आहे, म्हणजे सुमारे १६ ज्यूल. तेथील शब्द येथील पेटीवर चिकटवून माल विकला जातो. आपण एखाद्या परिपत्रकात दुसऱ्या खात्याचा एक शब्द चुकून आला, तर ते परत पाठवतो. येथे मात्र सबंध पेटी शेरा न मारता स्वीकारतो!

दुसरे उत्तर हौसेचे. ''शिकार हा मर्दानी खेळ आहे. आपल्या राजेरजवाड्यांचा, सरदारांचा वारसा आहे.'' जुन्या शिकारीचे मी समर्थन करीत नाही. तिने आपली राने किती ओस पाडली, ते सर्वांस ठाऊक आहे. पण तिचाही एक धर्म होता. जखमी जनावर रानात सोडून परत फिरायचे नाही, रक्ताचा माग काढीत जायचे आणि त्याचे हाल संपवायचे, हा त्या धर्माचा पहिला नियम. आता आटोपशीर बंदुकीचा हिशेब पाहा. अर्ध्या ग्रॅमचा छरा सेकंदाला २८० मीटर वेगाने निघाला, तर त्याची शक्ती होते १९.६ ज्यूल; म्हणजे कायद्याची मर्यादा जेमतेम गाठली. पॉइंट बावीसच्या साध्या काडतुसात याच्या सुमारे सातपट शक्ती असते, आणि तेही बंदुकांच्या जगात किरकोळच समजले जाते. इतक्या अल्प शक्तीने एखादे पाखरू तत्काळ मरायचे, तर छरा त्याच्या मस्तकात अंगठ्याच्या नखाएवढ्या जागी बसला पाहिजे. छरा हलका, वाऱ्याने वाहणारा, पाखरू चंचल, नेम धरणारा महिन्यातून दोन रविवार सराव करणारा. पोटात किंवा पंखात छरा घेऊन ते पाखरू बांबूच्या बेटात जाते आणि तेथे एक दिवस, दोन दिवस, आपल्याला न दिसता मरते. जुना शिकारी मागावर जात असे. आटोपशीर बंदुकीचा शिकारी घरात जातो, कारण चहा निवत असतो. बंदूक आटोपशीर झाली, तसा शिकाऱ्याचा धर्मही आटोपला.

तिसरे उत्तर थोडे अवघड आहे. ''तुम्ही कोंबडी खाता की नाही?'' खातो, आणि आवडीने खातो. तेव्हा जीवहत्या वर्ज्य, असा युक्तिवाद मला करता येणार नाही आणि मी तो करीतही नाही. पण खाटकाच्या हातून जनावर अर्धवट जखमी होऊन निसटले आणि त्याने ''जाऊ द्या'' म्हणून दुसरे घेतले, तर आपण त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. अन्नासाठी मारणाऱ्यावर नीट मारण्याची जबाबदारी आपण टाकतो. गंमत म्हणून मारणाऱ्याला मात्र त्यातून सूट द्यायची, हा न्याय उलटा आहे. शिवाय तो होला कोणाच्या ताटात पडणार नव्हता. साहेबांच्या घरी चतुर्थी होती.

चौथे उत्तर विद्वानांचे. ''सलीम अलींनीसुद्धा छऱ्याच्या बंदुकीनेच सुरुवात केली!'' ही गोष्ट खरी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईत एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथे मिलार्डसाहेबांनी ती पिवळ्या गळ्याची चिमणी असल्याचे सांगितले आणि संग्रहाची कपाटे उघडून दाखवली. त्या कपाटांतून भारताचा पक्षिशास्त्रज्ञ निघाला. पण या गोष्टीचा बोध काय? त्या मुलाचे मोठेपण चाप ओढण्यात नव्हते. चाप तर त्या काळी कितीतरी मुले ओढीत. पडलेले पाखरू त्याने उचलले, निरखले, आणि 'हे कोण?' असा प्रश्न विचारला, यात ते मोठेपण आहे. आमच्या होल्याला कोणी 'तू कोण?' असे विचारले नाही.

आणि गोष्ट तेथे थांबतही नाही. ती याच अरुणाचलात पुरी झाली आहे. पश्चिम कामेंग जिल्ह्यातील ईगलनेस्ट अभयारण्याच्या परिसरात रमण अत्रेय या खगोलशास्त्रज्ञांना एक अनोळखी पक्षी आढळला. पुण्याच्या आयसर संस्थेत अध्यापन करणारे म्हणून हे नाव आपल्यापैकी काहींच्या परिचयाचे असेल. नव्या जातीची नोंद करताना एक नमुना मारून संग्रहात ठेवावा, ही शास्त्राची जुनी वहिवाट. परंतु या पक्ष्यांची संख्या इतकी थोडी दिसली की, एकही मारणे त्यांना योग्य वाटले नाही. जाळ्यात आलेल्या पक्ष्याची मोजमापे, छायाचित्रे आणि काही पिसे एवढेच घेऊन त्याला सोडून दिले, आणि २००६ साली तेवढ्या पुराव्यावर 'बुगुन लिओसिक्ला' ही नवी जात जगापुढे मांडली. पक्ष्याला तेथील बुगुन जमातीचे नाव मिळाले. पुढे २०१७ मध्ये त्या लोकांनी आपल्या जमिनीतील सुमारे सतरा चौरस किलोमीटर रान त्याच्यासाठी राखीव केले. मुंबईच्या चिमणीपासून सिंगचुंगच्या लिओसिक्लापर्यंत शंभर वर्षांत शास्त्र एवढे पुढे आले. आपण मात्र सलीम अलींचे नाव घेऊन त्यांच्या बालपणाकडे परत जातो, आणि तेही केवळ बंदूक घेण्यापुरते.

शेवटचे उत्तर सर्वांत वाईट, कारण ते सर्वांत सोयीचे. ''अहो, इथले लोक वर्षानुवर्षे हेच करीत आले. आपण एक पाखरू मारले, तर काय बिघडते?'' या वाक्यातला 'आपण' आणि 'इथले लोक' हा भेद नीट ऐकावा. साहेब लोक आले तेव्हा त्यांच्याही तोंडी हेच वाक्य होते. नेमणुकीचा जिल्हा म्हणजे शिकारखाना, अशी त्यांची समजूत. त्यांच्या बंगल्यांतली कातडी गेली, समजूत मागे राहिली. बरे, इथले लोक खरोखर काय करीत आहेत? न्यिशी पुरुषाच्या शिरोभूषणावर धनेशाची चोच असते. आता पुष्कळ ठिकाणी तिच्या जागी फायबरची कृत्रिम चोच लावतात. पाक्के व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेवरील गावांत, पूर्वी शिकार करणारी माणसेच दहा वर्षांहून अधिक काळ धनेशांच्या घरट्यांची राखण करीत आहेत. हा महाधनेश आपल्या कोकणातही आढळतो. त्याची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळे भरवतो. बाहेर तो एक मेला, तर आत सारे घरदार उपाशी मरते. हे तेथल्या राखणदाराला माहीत आहे, म्हणून तो पावसात झाडाखाली उभा राहतो. आपण त्याला 'इथले लोक' म्हणतो.

या राज्यात बाहेरच्या भारतीयाला पाऊल टाकण्यापूर्वी इनर लाइन परमिट काढावे लागते. १८७३ च्या विनियमापासून ही रीत चालत आली आहे. आपल्यापैकी अनेकांना तो कागद जाचाचा वाटतो. मला त्यात एक अर्थ दिसतो. आपण येथे पाहुणे आहोत, असे तो कागद सांगतो. यजमानाने घरातले शस्त्र खाली ठेवले असता पाहुण्याने आपले बाहेर काढू नये, एवढी रीत आपल्या आई-वडिलांनी शिकवलेली आहे. तिच्यासाठी कलमाची गरज नाही. पण कलमच हवे असेल, तर १९६४ च्या आचरण नियमांतील तिसरा नियम सरकारी नोकरास न शोभणारे काही करू नये, असे सांगतोच. हा नियम आपण दुसऱ्यांच्या ज्ञापनांत कितीदा टंकलिखित केला आहे!

मग बंदूक विकून टाकावी काय? मुळीच नाही. जी वस्तू दहा मीटरवर बिनचूक चालते, तिला तेथेच खरे काम आहे. दहा मीटर एअर रायफलच्या निशाणीवर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. त्याच ठिपक्यावर नेम धरून अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बीजिंगला भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले. मुंबईच्या अंजली भागवत २००० साली सिडनीला याच प्रकारात अंतिम फेरीत गेल्या. आणि २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणारे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे रेल्वेत तिकीट तपासणीस होते, म्हणजे आपल्यासारखेच केंद्र सरकारचे नोकर. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका झाडीत लपत नाही, उडत नाही, जखमी होत नाही. आणि चुकलेला प्रत्येक छरा कागदावर स्पष्ट दिसतो. मर्दुमकी दाखवायचीच असेल, तर ज्याच्यापुढे आपली चूक लपत नाही, त्याच्यापुढे दाखवावी.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या मंडळांच्या वार्षिक संमेलनांत पत्त्यांच्या स्पर्धा होतात, तशी दहा मीटरची निशाणबाजी ठेवावी. भिंतीला पोलादी पत्रा, वाळूची पोती आणि कागदी निशाण्या एवढाच खर्च. ज्यांनी बंदुका घेतल्या आहेत, त्यांनी त्या तेथे आणाव्यात. शेजारच्या मुलांनाही बोलवावे. नेमाला आणि शिस्तीला जात, प्रांत, भाषा नसते. ज्यांना एवढ्याने समाधान नाही, ज्यांना पाखरू पडतानाच पाहायचे आहे, त्यांनी बंदूक अभियानात जमा करावी. त्या रांगेत उभे राहायला लाज वाटण्याचे कारण नाही. आपल्यापुढे हजारो माणसे उभी राहून गेली आहेत.

हा लेख साहेबांच्या वाचनात येईल, याची मला जाणीव आहे. ते सज्जन आहेत. माझ्या मुलाच्या आजारपणात रात्री दोन वाजता गाडी घेऊन आलेले आहेत. म्हणूनच जे त्या रविवारी बोलायला हवे होते, ते आज छापून बोलतो. त्या मुलाला उत्तर द्यायचे राहिले आहे. ''आपका जमा नहीं होता क्या?'' या प्रश्नाला 'होता है' एवढे दोन शब्द पुरतील. ते साहेबांनी म्हणावेत, अशी विनंती आहे. आणि ते म्हणतील तेव्हा मी त्यांच्याबरोबर उभा असेन.